घोडा नसलेला काळा घोडा

मुंबई शहराची खतावणी कुणी नीट तपासली, तर पहिल्याच पानावर घोटाळा सापडेल. मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं एका बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत लोकांचे जमाखर्च जुळवीत बसलो आहे, तेव्हा हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो. आता हेच पाहा. फोर्ट आहे, पण किल्ला नाही. चर्चगेट आहे, पण गेट नाही. धोबीतलाव आहे, पण तिथं तळं नाही, आणि कपडे धुवायचे झाले तर घरीच धुवावे लागतात. बोरीबंदरला बंदर नाही. किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला. पण त्या तटाकाठची गल्ली म्हणून जिला 'रॅम्पार्ट रो' नाव पडलं, ती गल्ली तट गेल्यावरही तेच नाव लावून फिरते आहे. थोडक्यात म्हणजे माल गोदामातून केव्हाच गेला, पण स्टॉक रजिस्टरात मात्र अजून शिल्लक दिसतो! आमच्याकडे असं झालं असतं तर निदान दोन कारकून सस्पेंड झाले असते.

पण या सगळ्या नोंदींत आमची लाडकी नोंद एकच – काळा घोडा.

आमची शाखा तिथून पाच मिनिटांवर. फोनवर गिऱ्हाईक विचारतं, "तुमची बँक नक्की कुठं?" आम्ही सांगतो, "काळ्या घोड्याजवळ." ते येतं. वाटेत त्याला घोडा दिसत नाही, म्हणून परत गेलंय असं एकदाही झालेलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या चौकात घोडा नव्हता, आणि त्याआधीही जवळजवळ चाळीस वर्षं तो नव्हता.

घोडा मुळात आला कसा, ते सांगतो. १८७५ च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचे थोरले चिरंजीव, म्हणजे त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स आणि पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईला आले. पाहुणे आले, राहिले, गेले. आपल्याकडे पाहुणे गेल्यावर आपण चादरी धुवायला टाकतो. सर आल्बर्ट ससून यांनी पाहुण्यांचा पुतळा करायला टाकला. जोसेफ बोहम नावाच्या शिल्पकारानं तो घडवला आणि १८७९ साली तो चौकात उभा राहिला. वर राजपुत्र, खाली घोडा. एवढा खर्च राजपुत्रासाठी केलेला. पण मुंबईकरानं मान वर करून पाहिलं, त्याला पसंत पडला घोडा. ब्राँझ काळंभोर दिसत होतं, म्हणून चौकाचं नाव झालं काळा घोडा. स्वाराचा उल्लेखसुद्धा नाही! साहेबाची याहून सभ्य शब्दांत कुणी हजेरी घेतली असेल असं मला वाटत नाही.

या घोड्याशी आमच्या घराण्याचा संबंध आला तो १९६१ साली. आजोबा फोर्टातच एका कचेरीत कारकून होते. (कारकुनी आमच्याकडे तीन पिढ्यांची आहे. लोकांकडे वतनं असतात.) एका रविवारी ते माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, म्युझियम दाखवायला घेऊन आले. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे. गिरगावातून निघतानाच आजोबांनी बजावलं होतं, "हरवलास तर इकडेतिकडे भटकायचं नाही. सरळ काळ्या घोड्यापाशी जाऊन उभं राहायचं."

अण्णा अर्थातच हरवले. आज्ञाधारक मुलगा, तो घोड्याखाली जाऊन उभा राहिला. पंचाईत अशी झाली, की आजोबा स्वतः दिलेली सूचना साफ विसरले! ते अपोलो बंदरापर्यंत धावले, म्युझियमच्या रखवालदाराशी भांडले, आणि सव्वा तासानं त्यांना घोडा आठवला. आल्याबरोबर त्यांनी अण्णांना एक थप्पड दिली आणि मग एक बशी भजी. अण्णा म्हणतात, "थप्पड कशाबद्दल होती ते मला कळलं नाही, पण भजी कशाबद्दल होती ते कळलं." त्या सव्वा तासात त्यांनी घोड्याचा पाय न् पाय पाठ करून टाकला होता.

पुढं १९६५ साली साहेबांचे पुतळे शहरातल्या चौकांमधून हलवण्यात आले. आमचा घोडाही स्वारासकट भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. राजपुत्र अखेर आईच्या नावच्या बागेत पोचला म्हणायचा! चौक रिकामा झाला. तिथं मोटारी उभ्या राहू लागल्या. पण बसचा कंडक्टर, टॅक्सीवाला, डब्बेवाला आणि आमचे आजोबा, सगळे 'काळा घोडा'च म्हणत राहिले. बँकेत ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती आम्ही 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकून ठेवतो. मुंबईनं हा घोडा तसाच सस्पेन्समध्ये टाकला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं त्या चौकात आहे तरी काय? तर आमच्यासारख्या पगारदार माणसानं फुकटात शहाणं व्हावं अशी सोय या शहरात कुठं असेल, तर ती तिथं आहे. डेव्हिड ससून लायब्ररीचंच घ्या. तिची इमारत १८७० ची, पण संस्थेचा जन्म १८४७ चा, आणि तो टांकसाळीतल्या नि गोदीतल्या कामगारांच्या पोटी. दिवसभर यंत्राशी झटापट करून ही मंडळी संध्याकाळी वाचायला बसत. शेजारी म्युझियम. त्याची कोनशिला १९०५ साली बसवली ती घोड्यावरच्या राजपुत्राच्या मुलानं. म्हणजे बाप चौकात घोड्यावर बसून बघतोय आणि मुलगा समोर थापी फिरवतोय! त्याच अंगाला वॉट्सन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथं. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळच्या कारकुनाच्या आवाक्याबाहेरचं. पण मुंबईतल्या त्या खेळांनी आपल्या सावेदादांना, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, असं झपाटलं, की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

आणि जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी ती आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ बांधून दिली, १९५२ साली. त्याआधी १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप' काढला होता, तेव्हा त्यांच्याजवळ कीर्ती होती ना पैसा. आरा तर लोकांच्या मोटारी धुऊन पोट भरलेला माणूस. हे कळल्यापासून या चौकात मोटार धुणारा पोऱ्या दिसला, की मी त्याच्याकडे जरा आदरानं बघतो.

जहांगीरला तिकीट नाही. माझी जेवणाची सुट्टी अर्धा तास. डबा दहा मिनिटांत संपवायचा, पाच मिनिटं जायला, पाच यायला. उरलेली दहा मिनिटं कलेला. असं मी बावीस वर्षं केलं आहे. चित्रातलं मला कळतं असा माझा दावा नाही. एकदा एका चित्रासमोर उभा होतो – नुसते पट्टे आणि डाग. चित्रकार स्वतः शेजारी येऊन म्हणाले, "काय वाटतं?" मी घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "डेबिट बाजू जरा जड वाटते." डेबिट आमच्याकडे डावीकडे असतं. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खरं आहे. डावीकडे वजन जास्त झालंय." त्या दिवशी दुपारी मी तीन व्हाउचर्स चुकीच्या खात्यावर टाकली.

१९९९ पासून या चौकाच्या नावानं कला महोत्सव भरू लागला. फेब्रुवारीत, नऊ दिवस. नाच, गाणं, नाटक, चित्रं, पुस्तकांच्या गप्पा, आणि प्रवेश फुकट. रॅम्पार्ट रोवरच्या मोटारी बंद होतात आणि रस्त्यात माणसं चालतात, हाच मुळात मुंबईत पाहण्यासारखा कार्यक्रम.

२०१६ च्या महोत्सवाला आम्ही सहकुटुंब गेलो. सौभाग्यवती, आठ वर्षांची कन्या आणि अण्णा. ट्रेनमधून उतरल्यापासून अण्णांनी नातीला १९६१ सालची गोष्ट सांगायला घेतली. चौकात आल्यावर तिला हात धरून एका दिव्याच्या खांबापाशी नेलं. "इथं होता. त्याचं तोंड अमुक बाजूला, मी तमुक पायाखाली." आणि शेवटी घराण्याचा मंत्र दिला, "हरवलीस तर काळ्या घोड्यापाशी उभं राहायचं."

तासाभरानं एका बांगड्यांच्या स्टॉलपाशी सौ.नं मला विचारलं, "ती तुमच्याकडे आहे ना?" आणि मी म्हटलं, "ती तुझ्याकडे आहे ना?"

हा संवाद ज्यांच्या आयुष्यात झालेला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मुलीजवळ मोबाइल नव्हता. मी ओरडलो, "काळा घोडा! ती काळ्या घोड्यापाशी असेल!" आणि धावलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या दिवशी तिथं घोड्यांना तोटा नव्हता. कलावंतांनी वर्षभर मन लावून घोडेच केलेले. भंगाराचा घोडा, लाकडाचा घोडा, मुलांनी रंगवलेला घोडा, एक तर चक्क जाहिरातीचा घोडा. मी एका घोड्याकडून दुसऱ्याकडे धावतोय, प्रत्येकाखाली चार-पाच मुलं, त्यांतलं एकही माझं नाही. पन्नास वर्षं जिथं एक घोडा मिळायची मारामार, तिथं ऐन वेळी तबेला उघडला होता! पाय लटपटत होते, आणि कधी नव्हे ते मला आजोबांच्या थप्पडीचं कारण कळलं.

चौथ्या घोड्यापाशी ध्वनिक्षेपकावर मुलीचं नाव सांगायला निघालो, तर समोरून अण्णा येताना दिसले. सावकाश. बोटाला कन्या.

ती कुठल्याच घोड्यापाशी गेली नव्हती. सरळ त्या दिव्याच्या खांबाशी जाऊन उभी राहिली होती. आणि अण्णाही कुठल्या घोड्याकडे न बघता थेट तिथंच गेले होते.

"अहो, पण तिथं घोडा कुठं आहे?" मी धापा टाकीत म्हटलं.

"घोडा हलला म्हणून जागा हलते की काय?" अण्णा म्हणाले.

कन्येला थप्पड मिळाली नाही. काळ बदलला आहे. भजी मात्र मिळाली, आणि ती मला नको असतानाही मी तिच्या बशीतली दोन खाल्ली, कारण हात थरथरत होता तो कशात तरी गुंतवायला हवा होता.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, बावन्न वर्षांनी आमचं सस्पेन्स अकाउंट मिटलं. चौकात नवा काळा घोडा आला. पंचवीस फूट उंच, आणि पाठीवर कुणी नाही. मुंबईकर गेली दीडशे वर्षं जे मनात म्हणत होता, ते आता शिल्पात उतरलं. मी अण्णांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी सभोवार एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चांगला आहे. खोगीर रिकामं आहे, तेवढं एक बरं झालं."

मग एका रविवारी आम्ही राणीच्या बागेत त्यांचा जुना घोडाही पाहून आलो. पेंग्विनपाशी ही गर्दी! घोड्याजवळ आम्ही चौघंच. अण्णा बराच वेळ खाली उभे राहिले. मग म्हणाले, "एवढासा होता होय रे हा?" आणि एका पायाकडे बोट दाखवून, "हाच तो." मी काही बोललो नाही.

परतताना कन्या, जी आता अण्णांचा हात धरून त्यांना चालवते, म्हणाली, "आजोबा, मी पुढं जाऊन टॅक्सी बघते. हरवलात तर काळ्या घोड्यापाशी उभे राहा."

"हो," अण्णा म्हणाले. मग थांबून विचारात पडले. "पण कुठल्या?"

एकाच नावाची दोन खाती, दोन निरनिराळ्या शाखांत. आता हे कसं जुळवायचं, ते मला कुणी सांगावं.