म्हैसूरची संततिनियमन केंद्रे : राज्याचा खर्च आणि स्त्रीचा निर्णय

म्हैसूर संस्थानाच्या सरकारने ११ जून १९३० रोजी काढलेल्या एका आदेशाने राज्यातील प्रमुख सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचा सल्ला देणारी केंद्रे उघडण्यास मंजुरी मिळाली. सरकारी तिजोरीतून चालविलेली ही जगातील पहिली केंद्रे होत, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यान्वये गर्भनिरोधक साधने टपालाने पाठविणे गुन्हा होता. १९३६ च्या एका निकालाने डॉक्टरांपुरती ही बंदी सैल झाली. इंग्लंडच्या आरोग्य मंत्रालयाने १९३० मध्येच स्थानिक संस्थांना असा सल्ला देण्याची मुभा दिली खरी, परंतु पुढील गर्भधारणेने जिच्या प्रकृतीस अपाय होईल अशा विवाहितेपुरतीच. दक्षिणेतील एका संस्थानाने या बाबतीत थोरामोठ्या राष्ट्रांना मागे टाकले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती यथार्थही आहे. मात्र या आदेशाने एक प्रश्नही जन्मास घातला, आणि अभिमानाच्या भरात त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. उपचाराचा खर्च राज्य करणार असेल, तर उपचाराचा हेतू कोणी ठरवायचा?

हा आदेश निघाला त्या म्हैसुरात प्रजेचे आरोग्य हे राजाचे कर्तव्य होय, ही कल्पना चांगलीच रुजलेली होती. राजघराण्यातील कृष्णाजम्मण्णी ही राजकन्या क्षयाने गेली. तिच्या नावाने म्हैसूर शहरात १९२१ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. बंगळूरला १९२४ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये, म्हणजे या आदेशाच्याच वर्षी, म्हैसूर शहरात आले. गादीवर चौथे कृष्णराज वोडेयर होते आणि १९२६ पासून दिवाणपदी मिर्झा इस्माईल होते. १९३१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या पासष्ट लाखांहून अधिक भरली. वीज, रेशीम, पोलाद आणि शिक्षण यांची आखणी करणाऱ्या या शासनाला कुटुंबाचा आकार हाही आखणीचाच विषय वाटावा, यात नवल नव्हते.

म्हैसूरच्या या निर्णयाचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या मुंबईकडे पाहिले पाहिजे. विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. पाठीशी राज्य नाही, धर्मसंस्था नाही आणि समाजही नाही. साथ होती ती पत्नी मालतीबाईंची. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. मासिकातील मजकूर अश्लील ठरवून त्यांच्यावर खटले भरण्यात आले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झालाच. जे ज्ञान म्हैसुरात सरकारी डॉक्टर सरकारी वेतनावर देऊ शकत होता, त्याच ज्ञानाच्या प्रसारासाठी मुंबईतील एका माणसाने नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा गमावली. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या आरोग्यसेवेचे पहिले बळ येथे दिसते. एकट्यादुकट्याला न पेलणारा लोकापवाद राज्य सहज पेलू शकते, आणि गरीब स्त्रीला ज्या दाराशी एरवी जाता आले नसते ते दार तिच्यासाठी उघडते.

मात्र दार उघडणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न उरतोच. त्या काळच्या वादात तीन भूमिका एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. पहिली वैद्यकीय : वरचेवरच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीचा जीव वाचवावा. दुसरी राज्यकारभाराची : अन्न आणि जमीन यांच्या मानाने माणसे वाढू नयेत. तिसरी भूमिका सर्वांत दुर्लक्षित राहिली. ती १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडली गेली. सरकारने संततिनियमनाचा जोमाने प्रचार करावा आणि त्याची पुरेशी सोय करून द्यावी, असा ठराव आंबेडकरांच्या पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी त्या दिवशी आणला. त्यामागील भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. दारिद्र्य आणि मातांचे मृत्यू यांचा विचार त्यात होताच. शिवाय गर्भधारणा नको असेल तेव्हा ती टाळण्याचे सामर्थ्य स्त्रीच्या हाती असले पाहिजे, असे त्यात प्रतिपादन होते. ठराव फेटाळला गेला.

येथे इतिहासाची एक अडचणीची बाजू समोर येते. म्हैसुरात १८८१ पासून प्रजाप्रतिनिधी सभा होती, पण अंतिम सत्ता महाराज आणि दिवाण यांचीच होती. म्हणून तेथे लोकमत वळण्याची वाट न पाहता आदेश काढता आला. मुंबईत निवडून आलेल्या प्रतिनिधींनी तीच सोय नाकारली. सुधारणा राजाज्ञेने आली आणि लोकसभागृहात अडली, एवढाच धडा घ्यायचा तर तो लोकशाहीला प्रतिकूल ठरेल. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास मात्र हा धडा पुरता पालटून टाकतो.

नैतिक आक्षेपही क्षुल्लक नव्हते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. पुरुषाच्या वासनेपासून स्त्रीची सुटका व्हावी, हे दोघांनाही मान्य होते. पण गांधींना तो मार्ग संयमाचा वाटत होता, साधनांचा नव्हे. साधनांमुळे पुरुषावरील उरलासुरला अंकुशही जाईल, अशी त्यांना भीती होती. त्यानंतर लवकरच त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात सँगर उपस्थित राहिल्या. सुशिक्षित स्त्रियांच्या या संघटनेने संततिनियमनाच्या बाजूने कौल दिला होता. मात्र ज्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयाचे दार उघडले होते, त्यांचा शब्द या वादात फारसा नोंदविला गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर हा वाद राष्ट्रीय धोरणात उतरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला स्थान मिळाले. भारत सरकारने अधिकृतपणे असा कार्यक्रम हाती घेणे ही जगातील पहिलीच घटना होती. तेव्हा आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर. गांधीविचाराशी निष्ठा असल्याने कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने प्रयोग झाले ते केवळ ‘सुरक्षित दिवसां’च्या पद्धतीचे, आणि त्यांसाठी दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् ही ठिकाणे निवडली गेली. दिवसांचा हिशेब राहावा म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. पद्धतीला यश आले नाही. याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघ आणि भारत सरकार यांनी म्हैसूर राज्यात घरोघर जाऊन पाहणी केली. कुटुंब आटोपशीर असावे, अशी इच्छा अनेक जोडप्यांनी त्यात बोलून दाखविली. इच्छा होती, तिजोरीतून मिळाली ती मण्यांची माळ. एका मंत्र्याची सदसद्विवेकबुद्धी कितीही प्रामाणिक असली, तरी ती लक्षावधी अनोळखी स्त्रियांच्या वतीने निर्णय घेऊ लागते, तेव्हा सार्वजनिक सेवेचा तोल जातो.

तो तोल पुढे विरुद्ध दिशेनेही गेला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी आणि पोलीस यांना उद्दिष्टे ठरवून दिली गेली. कितीएकांवर उघड जबरदस्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. चार दशकांपूर्वी मुंबईच्या विधिमंडळाने ऐच्छिक सोय नाकारली होती, आणि आता त्याच परंपरेतील सभागृहाने सक्तीला होकार दिला. दोन्ही वेळा सभागृहासमोर संख्या होती, समाज होता, राष्ट्र होते. स्त्री वा पुरुष व्यक्ती म्हणून नव्हती. तथापि १९७७ च्या निवडणुकीत, विशेषतः उत्तर भारतात, मतदारांनी या जबरदस्तीचा हिशेब चुकता केला. म्हैसूरच्या प्रजेला १९३० च्या आदेशाबद्दल, तो चांगला असो वा वाईट, असा हिशेब मागण्याची सोय नव्हती.

१९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनातील उद्दिष्टांची पद्धत मागे घेतली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी कित्येक दगावल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले. शस्त्रक्रियेचे परिणाम आणि धोके संबंधित व्यक्तीला तिला कळेल अशा भाषेत समजावून सांगितले पाहिजेत, हेही न्यायालयाने बजावले.

म्हैसूरच्या आदेशाला तेव्हा शहाऐंशी वर्षे झाली होती. राज्याने खर्च करावा, ही गोष्ट म्हैसूरने १९३० मध्येच मान्य केली. रोहम यांच्या ठरावामागील विचार, म्हणजे निर्णय स्त्रीच्या हाती असावा, हा स्वीकारला जाण्यास मात्र कितीतरी अधिक काळ लागला. आणि निकालपत्रात आल्याने तो प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचला आहे, असे अद्याप म्हणता येत नाही.