सत्तर पानांचा पुडा

लहानपणी चंद्रपुरात आमच्या मोहल्ल्यात खाला विड्या वळायच्या. त्यांच्या सुपातलं तेंदूपान जंगलातून कोण आणतं, हे कळायला मला पंचविशी गाठावी लागली. 1969च्या कायद्याने या पानांचा व्यापार सरकारने हाती घेतला. हिशेब मात्र पुड्यांचाच राहिला. सत्तर पानांचा एक पुडा, मजुरी शेकड्यावर. म्हणून मे महिन्यात माणसं पहाटेच रानात शिरतात आणि चांगल्या पानामागे एकेकटी पांगतात. झुडूप बुटकं, तोडणारा वाकलेला. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, असं जाणकार सांगतात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडताना तीन बाया एकाच दिवशी गेल्या.

सुंदरबनात 1980च्या दशकात लोकांनी डोक्यामागे मुखवटे बांधले, कारण वाघ पाठीमागून येतो. आपल्याकडचा उपाय साधा. जथ्याने जायचं, अधूनमधून हाळी द्यायची आणि एकाने उभं राहून नजर ठेवायची. पण उभं राहणाऱ्याचे पुडे कसे भरणार? गडचिरोलीकडच्या एका फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, मी हे विचारलं. पुडे बांधता बांधता एक आजी म्हणाली, "आमच्यातले दहा-दहा देतो न बापू तिले."