वाहन-इंधनवापर मानके आणि मोटारविक्रेते

नव्या मोटारगाडीने ठरावीक अंतरात किती इंधन जाळावे यावर कायद्याने घातलेली मर्यादा, आणि त्या मर्यादेवरून कारखानदार, विक्रेते व शासन यांच्यात चालणारा वाद. भारतात ही मानके ‘कॅफे’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जातात. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ हा त्यांचा आधार असून ती ऊर्जा दक्षता ब्युरो आखतो. पहिला टप्पा २०१७-१८ मध्ये आणि दुसरा २०२२-२३ मध्ये लागू झाला.

मर्यादा एकेका गाडीला लागू होत नाही. कंपनीने वर्षभरात विक्रीसाठी काढलेल्या सर्व प्रवासी गाड्यांची सरासरी तपासली जाते. पहिल्या टप्प्यात या सरासरीची मर्यादा १०० किलोमीटरला ५.४९ लिटर होती, तेव्हा गाड्यांचे सरासरी वजन १,०३७ किलो धरले होते. दुसऱ्या टप्प्यात १,१४५ किलो वजन धरून ती ४.७७ लिटरवर आली. गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगायचे तर गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ लिटरमागे सुमारे १८ किलोमीटरवरून २१ वर जायला हवे. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे यात जवळपास ७२ लिटर इंधन वाचते. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. सातपुड्याच्या चढणीवर भरलेली गाडी तेवढे देत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने दंड कडक झाला. १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत जादा वापर असल्यास गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त असल्यास ५०,००० रुपये. हा दंड कारखानदाराला आहे, विक्रेत्याला नाही. तरीही नियमाचा भार विक्रेत्यापर्यंत येतोच. सरासरी सावरण्यासाठी कारखाना सीएनजी, हायब्रिड व विजेवरच्या गाड्या जास्त पाठवतो. त्यांना गिऱ्हाईक शोधणे आणि ते मिळेपर्यंत बँकेच्या कर्जावर माल सांभाळणे, हे शोरूमवाल्याच्या वाट्याला येते.

मुदतीचा नियम विक्रेत्याला किती झोंबतो, हे ‘भारत स्टेज’ (बीएस) प्रदूषण मानकांच्या बदलात दिसले. ती मानके धुराविषयीची, इंधनवापराविषयीची नव्हेत. पण अडचण तीच. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री बंद केली. तेव्हा आठ लाखांहून अधिक वाहने शिल्लक होती, त्यांत बहुसंख्य दुचाक्या. शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या सवलती देऊन ती विकण्याची धावपळ झाली. बीएस-४ ची मुदत ३१ मार्च २०२० होती आणि त्याआधीच्या आठवड्यात कोविडची टाळेबंदी आली. १९६४ साली स्थापन झालेली ‘फेडरेशन ऑफ ऑटोमोबाइल डीलर्स असोसिएशन्स’ ही संघटना न्यायालयात गेली. २७ मार्चला शिल्लक मालाच्या काही भागापुरती सवलत मिळाली, पण ८ जुलैला न्यायालयाने ती मागे घेतली. मुदत ठरवताना गोदामातल्या मालाचाही हिशेब व्हायला हवा, ही विक्रेत्यांची मागणी रास्त आहे. मात्र ती मानके पुढे ढकलण्याचे निमित्त होऊ नये.

अमेरिकेत अशी मानके १९७५ च्या कायद्याने आली. तेथे विक्रेत्यांची राष्ट्रीय संघटना उघडपणे विरोधात उतरली. २०२५ पर्यंत गॅलनला ५४.५ मैलांचे लक्ष्य मांडले गेले, तेव्हा गाडी सुमारे ३,००० डॉलरने महागेल आणि लाखो लोकांना कर्ज मिळणार नाही, असा तिचा युक्तिवाद होता. इंधनाची बचत किंमतवाढ भरून काढते, हे त्यावरचे उत्तर. हप्त्याने गाडी घेणाऱ्याला मात्र महागाई पहिल्याच दिवशी भोवते आणि बचत महिन्यामहिन्याने हाती येते. विक्रेत्याच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहेच.

भारतातला ताजा वाद तिसऱ्या टप्प्याचा आहे. तो एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचा प्रस्ताव आहे. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या व चार मीटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची सूट सुचवली होती. मारुती सुझुकीने छोट्या गाडीला दिलासा हवा अशी बाजू मांडली. टाटा मोटर्स व महिंद्र यांनी वजनावर आधारलेल्या सवलतीला विरोध केला. मुळात सूत्रच असे आहे की कंपनीच्या गाड्या जड असतील तर तिची मर्यादा सैल होते. जड गाडीला मोकळीक आणि हलकीला जाच, ही तक्रार त्यातून येते, आणि ती खोटी नाही.

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई हे महाराष्ट्राच्या मेळघाटातल्या धारणीकडील सीमेजवळचे गाव आहे. अशा गावांत या कायद्याचा हात तोकडा पडतो. ‘कॅफे’ फक्त नऊ आसनांपर्यंतच्या व ३,५०० किलोपर्यंतच्या नव्या प्रवासी गाड्यांना लागू आहे. दुचाकी, ट्रॅक्टर, मालवाहू पिकअप व जुन्या बाजारातली गाडी त्याबाहेर राहतात. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचे अ‍ॅव्हरेज मालकाच्या किंवा दलालाच्या तोंडूनच कळते. तिथे कोणतेही मानक नाही आणि दंडही नाही.