चेंडू तशी बॅट

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या खेळाच्या दुकानात एकाच भिंतीला दोन जातींच्या बॅटी टेकून ठेवलेल्या असतात. एक सीझनची, म्हणजे चामड्याच्या कठीण चेंडूची. तिच्या पाठीला कणा, पुढच्या बाजूला किंचित फुगवटा, आणि हातात घेताच वजन जाणवतं. दुसरी टेनिसच्या चेंडूची. तिची पाठ कोरलेली, कडा जाड आणि एकूण प्रकरण हलकं. गिऱ्हाईक आत शिरलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सीझन की टेनिस?’ आधी चेंडू कोणता ते सांगा, मग बॅट दाखवतो, असा त्याचा हिशेब. बॅटचा सगळा वंशवृक्ष याच हिशेबाने वाढला आहे. गेल्या तीन शतकांत बहुतेक वेळा आधी चेंडू बदलला किंवा चेंडू टाकण्याची तऱ्हा बदलली, आणि मग कुणीतरी रंधा हातात घेतला. रंधा घेणारा पुष्कळदा स्वतः खेळणारा होता. म्हणूनच घरच्या घरी बॅट घडवायचा नाद लागलेल्या माणसाला ही कुळकथा माहीत असायला हवी.

लंडनच्या ओव्हल मैदानावर जॉन चिटी नावाच्या खेळाडूची बॅट जपून ठेवलेली आहे. तिच्यावर १७२९ साल आहे. आज टिकून असलेल्या बॅटींमध्ये ती सर्वांत जुनी मानतात. ती पाहून कुणाला हॉकीची काठी आठवेल. त्या काळी गोलंदाज चेंडू जमिनीवरून सरपटत टाकत. सरपटी चेंडू अडवायचा तर लाकूड खाली, जमिनीलगत हवं. म्हणून बुडाशी बाक आणि तिथेच सगळा भार.

१७६०च्या सुमारास गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले. उसळून येणाऱ्या चेंडूपुढे बाकदार बॅट निकामी ठरली आणि सरळ बॅट आली. ती रूढ करण्याचं श्रेय ज्यांना देतात ते जॉन स्मॉल हॅम्बल्डन क्लबचे फलंदाज. मूळचा धंदा चांभाराचा. पुढे पीटर्सफिल्ड गावात ते बॅटी आणि चेंडू दोन्ही बनवू लागले.

सरळ बॅट आली आणि रुंदीचा वाद उभा राहिला. सप्टेंबर १७७१ मध्ये चर्ट्सीविरुद्ध हॅम्बल्डन या सामन्यात थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. यष्ट्या दिसतच नाहीत म्हटल्यावर त्रिफळा उडवायचा कसा? दोनच दिवसांनी हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी ठराव लिहून काढला की बॅटची रुंदी सव्वाचार इंच, त्याहून जास्त नाही. खाली सही करणाऱ्यांत जॉन स्मॉलही होते. १७७४च्या नियमांत हे माप शिरलं. सव्वाचार इंच म्हणजे १०.८ सेंटिमीटर. अडीचशे वर्षं उलटली तरी ते माप हललेलं नाही. लांबीची ३८ इंचांची मर्यादा मात्र बरीच उशिरा, १८३५ साली आली.

एकोणिसाव्या शतकात गोलंदाजाचा हात वर वर जात राहिला. कमरेखालून, मग खांद्याच्या उंचीवरून, आणि १८६४ साली डोक्यावरून चेंडू टाकायला रीतसर परवानगी मिळाली. चेंडूचा वेग वाढला. पातं आणि मूठ एकाच लाकडातून कोरलेली असली की प्रत्येक फटक्याची झिणझिणी थेट मनगटात जायची, आणि लाकूडही मुठीच्या खाली मोडायचं. उपाय म्हणून मूठ वेगळी करून पात्यात पाचरीसारखी बसवायला सुरुवात झाली. १८५३च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरकडून खेळणाऱ्या थॉमस निक्सनने मुठीसाठी वेत वापरला. आजच्या बॅटच्या रचनेचं श्रेय ज्यांना देतात ते चार्ल्स रिचर्डसन तर पेशाने रेल्वेचे अभियंते. ब्रुनेल या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली शिकलेले आणि सेव्हर्न नदीखालच्या बोगद्याचं काम पाहिलेले. बॅट हा त्यांचा धंदा नव्हता, आवड होती. वेताच्या पट्ट्या चिकटवून त्यांमध्ये रबर घातलं की धक्का वाटेतच जिरतो, ही युक्ती आजही प्रत्येक सीझन बॅटच्या मुठीत आहे.

मुंबईत हा खेळ आला तो किल्ल्यातल्या गोऱ्या शिपायांबरोबर. मैदानाच्या कडेला उभी राहून पाहणारी पारशी मुलं त्यांची नक्कल करू लागली. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली लिहिलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासात या मुलांच्या साहित्याचं वर्णन आहे : उंच टोप्यांच्या यष्ट्या, चिंध्या भरून शिवलेला चेंडू आणि बॅट म्हणून छत्री. चिंध्यांच्या चेंडूला छत्री पुरते. १८४८ साली याच समाजातून ओरिएंटल क्रिकेट क्लब उभा राहिला आणि चामड्याच्या चेंडूबरोबर खऱ्या विलोच्या बॅटी हातात आल्या. उपनगरांतल्या पोरांनी पुढे छत्रीच्या जागी काय काय वापरलं त्याची यादी मोठी होईल. चाळीत धुण्याचं धोपाटणं, सुताराकडचं फळकूट, आणि वर्सोवा-गोराईच्या वाड्यांत माडाच्या झावळीचा रुंद बुडखा तासून केलेली बॅट. झावळीची बॅट रबरी चेंडूला छान चालते. सीझनच्या चेंडूपुढे तिचे तंतू फाटतात.

विलोच का, याचं उत्तर लाकडाच्या पोटात आहे. विलो हलका असतो, त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, आणि दाबला की तो फुटण्याऐवजी घट्ट होतो. सागवान दणकट खरं, पण त्याच मापाची सागवानी बॅट अंदाजे दीडपट जड होईल. बॅटच्या पोटावर ज्या उभ्या रेषा दिसतात, ज्यांना खेळाडू ‘ग्रेन्स’ म्हणतात, ती झाडाची वर्षं. आठ रेषा म्हणजे त्या फळीत झाडाची आठ वर्षं. इंग्लंडमध्ये हे झाड साधारण पंधरा वर्षांत तोडायला येतं. काश्मीरमध्ये लावलेला विलोही त्याच कुळातला, पण हवा-माती वेगळी. त्याचं लाकूड जास्त भरीव आणि रंगाने तपकिरी निघतं. अनंतनाग जिल्ह्यात संगम, हलमुल्ला, बिजबेहरा या पट्ट्यात महामार्गाच्या दुतर्फा विलोच्या फळ्यांच्या चळती वाळत असतात.

हिंदुस्थानात बॅटधंद्याचं पहिलं मोठं केंद्र सियालकोट. तिथे सांगतात की सुरुवात दुरुस्तीतून झाली. एका गोऱ्या साहेबाची मोडलेली टेनिस रॅकेट गावातल्या कारागिराने जोडून दिली आणि त्यातून मागणी वाढत गेली. १९४७ साली सियालकोट पाकिस्तानात गेलं. हिंदू आणि शीख कारागीर, व्यापारी जालंधर आणि मेरठला आले. ‘एसजी’ या नावाने आज ओळखली जाणारी सॅन्सपॅरील्स ग्रीनलँड्स ही कंपनी १९३१ साली सियालकोटमध्ये सुरू झाली होती. फाळणीनंतर ती मेरठला स्थिरावली. मुंबईच्या उपनगरांतल्या दुकानांत जी सीझन बॅट मिळते, ती बहुधा मेरठ, जालंधर किंवा काश्मीरहून आलेली असते.

मुंबईने स्वतःचं नाव केलं ते दुरुस्तीत. दक्षिण मुंबईतले अश्रफ चौधरी, सगळ्यांचे ‘अश्रफचाचा’, यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, महेंद्रसिंग धोनी, विराट कोहली यांच्या बॅटी गेल्या. फलंदाजाला त्याची जुनी बॅट सोडवत नाही, आणि ती पुन्हा उभी करणारा कारागीर त्याला मेरठच्या कारखान्यापेक्षा जवळचा वाटतो.

चेंडू न बदलता बॅट बदलली, असंही एकदा घडलं. चामड्याच्या चेंडूचं वजन १७७४ पासून तेच आहे, साडेपाच ते पावणेसहा औंस, म्हणजे १५६ ते १६३ ग्रॅम. तरी एकविसाव्या शतकात बॅटी फुगल्या. लाकूड अधिक सुकवून आणि बेताने दाबून तेवढ्याच वजनात जास्त जाडी मिळू लागली. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने १३ नोव्हेंबर २०१४ रोजी ईडन गार्डन्सवर २६४ धावा केल्या, तो याच जाड कडांचा काळ. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम आला : कड ४० मिलिमीटर, जाडी ६७ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

उपनगरांत मात्र वंशवृक्षाला वेगळीच फांदी फुटली. मैदानं थोडी, एका मैदानात आठ-दहा सामने, शेजारी खिडक्यांच्या काचा आणि पॅड-हेल्मेटला पैसे नाहीत. अशा ठिकाणी टेनिसचा चेंडू चालतो. लॉन टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम, म्हणजे सीझनच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त. क्रिकेटसाठी बनवलेले ‘हेवी’ टेनिस बॉल त्याहून जड असतात, पण चामड्याच्या चेंडूला गाठत नाहीत. इतक्या हलक्या चेंडूला लांब धाडायचं तर बॅटच्या वजनापेक्षा तिचा वेग कामाला येतो. मग वजन काढायचं कुठून? पाठीतून.

पाठ कोरण्याची कल्पना इंग्लंडमधून आली. ग्रे-निकोल्स कंपनीने १९७४ साली ‘स्कूप’ नावाची सीझन बॅट बाजारात आणली. मागचा कणा काढून टाकलेला आणि भार दोन्ही कडांना ठेवलेला. विचार गोल्फच्या काठ्यांवरून घेतलेला : भार कडांकडे गेला की चेंडू मधोमध लागला नाही तरी बॅट हातात कमी वळते. सीझनमध्ये ही तऱ्हा काही काळ गाजली आणि मागे पडली. टेनिस क्रिकेटमध्ये ती घर करून राहिली. सांताक्रूझ-कलिनाच्या मैदानावर प्रकाशझोतात होणाऱ्या सुप्रिमो चषकात किंवा मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात षटकार मारणाऱ्यांच्या हातात कोरलेल्या पाठीच्या बॅटी होत्या.

हौसेने बॅट घडवायला बसणाऱ्याला अंधेरी-बोरिवलीत टेनिसची बॅटच सोयीची, याचं कारणही चेंडूच. सीझनच्या बॅटचं पोट कारखान्यात प्रचंड दाबाच्या रोलरखालून काढावं लागतं, नाहीतर कठीण चेंडू त्यात खळगे पाडतो. तो रोलर कुणाच्या बाल्कनीत मावणार? टेनिसच्या चेंडूला त्या दाबाची गरज नाही. रंधा, पटाशी, करवत, कानस, गुण्या आणि दोन शिकंजे एवढ्यावर काम सुरू होतं. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात फिरलं तर सुताराचा हात कसा चालतो तेही पाहायला मिळतं.

पहिला धडा जुन्या बॅटची मूठ बदलण्याचा. मोडकी मूठ कापून काढायची आणि पात्यातली व्ही आकाराची खाच पटाशीने साफ करायची. नव्या मुठीचं टोक त्याच कोनात तासायचं. आता खरी कसोटी. टोकाला निळा खडू चोळायचा, खाचेत दाबायचं आणि बाहेर काढून पाहायचं. खाचेत जिथे निळा डाग उमटला, तिथे लाकूड लाकडाला भिडतंय. जिथे कोरं राहिलं, तिथे फट आहे. डाग पडलेल्या जागेसमोरचा टोकाचा भाग केसभर खरवडायचा आणि पुन्हा खडू. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत सारखा निळा रंग आला की मगच सरस. घाईत सरसाने फट भरली तर पहिल्याच जोरदार फटक्याला मूठ ‘कट’ असा आवाज करते आणि सैल होते. पावसाळ्यात सरस वाळायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे शिकंजे एक दिवस जास्त राहू द्यावेत.

दुसरा धडा पाठ कोरण्याचा. इथे वजनाच्या काट्यापेक्षा ‘पिकअप’ महत्त्वाचा, म्हणजे बॅट उचलताना तिचा भार हाताला कुठे जाणवतो. टोकाकडून लाकूड काढलं की बॅट हलकी वाटते, मुठीजवळून काढलं की तेवढ्याच वजनाची बॅट जड वाटू लागते. म्हणून थोडं कोरायचं, उभं राहून हवेत चार फटके मारायचे, पुन्हा कोरायचं. मधूनमधून जुना चेंडू पात्यावर टाकून पाहायचा. जिथे तो सर्वांत उंच उसळतो आणि मुठीत झिणझिणी येत नाही, तो बॅटचा ‘मिडल’. त्याच्या मागचं लाकूड शेवटपर्यंत राखायचं. शेवटी रेजमाल आणि पोटाला कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात. मुंबईच्या दमट हवेत बॅटचा तळ ओल शोषून फुगतो, म्हणून तळाला रबराची पट्टी चिकटवायची आणि बॅट फरशीवर टेकवून न ठेवता टांगायची.

या फांदीला पुढे आणखी एक पालवी फुटू शकते. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या दर्शिल शहा आणि बेन टिंकलर-डेव्हिस यांनी बांबूच्या पट्ट्या चिकटवून बॅट केली. ती विलोपेक्षा ताठ निघाली आणि तिचा ‘मिडल’ मोठा होता, पण वजन बरंच वाढलं. पातं लाकडाचंच हवं आणि बांबू हे गवत, म्हणून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने ती नियमात बसत नसल्याचं सांगितलं. सीझन क्रिकेटचा हा नियम सोसायटीच्या टेनिस सामन्याला लागू नाही. तिथे बॅट चालेल की नाही हे संयोजक ठरवतात. सिंधुदुर्गातला मानगा बांबू चिरून, वाळवून, पट्ट्या जोडून एखाद्या हौशी कारागिराने टेनिसची बॅट करून पाहावी. बांबू जड असल्यामुळे पाठ नेहमीपेक्षा खोल कोरावी लागेल आणि पट्ट्यांचे सांधे सुटणार नाहीत असा सरस निवडावा लागेल. पहिली चाचणी अर्थातच टेनिसच्या चेंडूवर.