पाण्याखालीं बुडालेली माशी

दक्षिण इंग्लंडांत इचेन, टेस्ट, एव्हन अशा कांहीं नद्यांचें पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतें. तें इतकें नितळ कीं, कांठावरून तळचा मासा दिसावा. गळावर पिसें बांधून केलेल्या खोट्या माशीनें ट्राउट मासा धरणें हा तेथील सुखवस्तु लोकांचा छंद. आणि ती माशी पाण्यावर तरंगावी कीं खालीं बुडावी, एवढ्यावरून त्या सभ्य मंडळींत अर्धें शतक वाद माजला!

फ्रेडरिक हॅलफर्ड यांनीं १८८६ व १८८९ सालच्या ग्रंथांतून तरंगत्या माशीचें शास्त्र रचलें. त्यांच्या अनुयायांनीं त्याचें सोवळें केलें. लंडनचे सॉलिसिटर जी. ई. एम. स्क्यूज यांना हें सोवळें मानवलें नाहीं. धरलेल्या माशाच्या पोटांत अरुंद चमचा घालून ते त्याचें भक्ष्य तपासीत. तेथें सांपडत तीं बहुधा पंख न फुटलेलीं, पाण्यांतच वाढणारीं कीटकांचीं पिलें, म्हणजेच ‘निम्फ’. मासा जें खातो तेंच त्यास देण्यांत अधर्म कोणता, हा त्यांचा १९१० च्या पुस्तकापासूनचा सवाल. १९३८ मध्यें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत त्यांना पुन्हां त्याचेंच समर्थन करावें लागलें.

स्क्यूज यांची निम्फ पृष्ठभागाच्या जरा खालींच असे. हिवाळ्याची गोष्ट निराळी. तेव्हां ट्राउट धरण्यास बंदी. पण वसंतांत अंडीं घालणारा ग्रेलिंग मासा त्या दिवसांत पुष्ट असतो आणि तळाशीं राहतो. तेथवर हलकें पीस पोंचावें कसें? एव्हनचे नदीरक्षक फ्रँक सॉयर यांनीं रेशमी दोऱ्याऐवजीं तांब्याची बारीक तार घेतली आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तिनेंच गळावर गुंडाळले. बांधणारी तारच वजन झाली! ह्याहून साधी युक्ति क्वचितच कोणास सुचली असेल.

परंतु तळाशीं गेलेली निम्फ मासा क्षणभर तोंडांत घेतो आणि थुंकून टाकतो. हाताला कांहींच कळत नाहीं. दोरी पाण्यांत शिरते त्या बिंदूवर सॉयर नजर ठेवीत. ती किंचित् अडली कीं हिसका. एवढी तीक्ष्ण नजर नसलेल्यांनीं पुढें दोरीला बुचाचा किंवा लोकरीचा रंगीत तुकडा बांधला. निम्फपासून त्याचें अंतर पाण्याच्या खोलीच्या सुमारें दीडपट ठेवतात, कारण वरचा प्रवाह वेगवान् असल्यानें दोरी तिरपी जाते. मग जुन्या सोवळ्यानें पुन्हां डोकें वर काढलें: हें तर पोराटोरांचें तरंगतें बूच! आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. नजरेचें काम बुचानें केलें कीं कौशल्य थोडें उणें होतेंच.

वजनाची गोष्ट मात्र हंसांपाशीं जाऊन पोंचली. दोरीला चिमटलेल्या शिशाच्या गोळ्या तळाशीं गळून पडत. हंस त्या खड्यांबरोबर गिळीत आणि विषबाधेनें मरत. म्हणून १९८७ पासून इंग्लंडांत अशा लहान वजनांची विक्री बंद झाली. आतां निम्फच्या डोक्याशीं टंगस्टनचा मणी ओंवतात. तो धातु शिशापेक्षां सुमारें १.७ पट जड.