तार तुटली, मग जबाबदार कोण?

आजचा भाग गोंदियाजवळच्या बिरसीपासून सुरू करतो. बिरसी म्हटलं की विमानतळ. 1940 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. पण मला आज विमानांबद्दल बोलायचं नाहीये. कुंपणाच्या बाहेर धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांच्यावरून विजेच्या तारा गेल्यात. बोलायचंय त्या तारांबद्दल.

'भारतीय विद्युत नियम, 1956' नावाची एक नियमावली होती. भयंकर रटाळ, पण तारांच्या प्रकरणातले दोन नियम मला सोडवत नाहीत. नियम 84 सांगतो की विमानतळाजवळ लाईन टाकायची असेल, तर तिच्या मार्गाला विमानतळाच्या अधिकाऱ्यांची लेखी मंजुरी आधी घ्या. आणि नियम 91 सांगतो की रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून उघडी तार नेत असाल, तर ती तुटल्याबरोबर निर्धोक होईल, असं साधन बसवा. म्हणजे तार पडली की मेलीच पाहिजे. हे साधनही विद्युत निरीक्षकाने मंजूर केलेलं हवं.

2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे नियम आणले, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. पण बघा, पहिल्या नियमावर लक्ष ठेवायला विमानतळाचं अख्खं कार्यालय बसलंय. दुसऱ्या नियमावर लक्ष कोण ठेवतं?

आधी हे साधन म्हणजे काय, ते समजून घेऊ. सगळ्यात साधं साधन म्हणजे डीपीतला फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली तार. करंट वाढला की ती जळते आणि पुढची लाईन बंद पडते. आता गावाकडची एखादी उघडी डीपी बघा (लांबूनच!). फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी तिथे अल्युमिनियमची जाड तार गुंडाळलेली असते. ती जळायचं नावच घेत नाही.

बरं, फ्यूज नीट असला तरी एक लोच्या आहे. कोरड्या मातीवर तार पडली की जमिनीत करंट जातो तो थोडासाच, काही अँपिअर. फ्यूजला वाटतं, कुणाची तरी मोटार चालू असेल. तो गप्प बसतो. माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो. म्हणून रस्त्यावरच्या तारांखाली अर्थिंग केलेली गार्डची जाळी लावतात. तार तुटून जाळीवर पडली की मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो.

रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल-पाणी असतं. तार त्यात पडली की आजूबाजूच्या जमिनीतही दाब पसरतो, तारेजवळ जास्त आणि लांब जाल तसा कमी. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं, त्यामुळे त्याला माणसापेक्षा जास्त झटका बसतो. बैल अचानक बसला आणि धनी त्याला उठवायला धावला, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. खाली लोक लिहितात, "हात कशाला लावायचा?" मला या वाक्याचा राग येतो. तार पडल्यावरही जिवंत का होती, हा प्रश्न आधी यायला हवा.

आणि हा प्रश्न काही आजचा नाही. 1897 मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला जलविद्युत केंद्र सुरू झालं. विजेच्या धोक्यापासून माणसं आणि मालमत्ता वाचवायचा कायदा मात्र आपल्याकडे 1887 मध्येच झाला होता. वीज येण्याआधी कायदा! मग 1903 चा आणि 1910 चा कायदा आला. त्यांनी सरकारी विद्युत निरीक्षक नेमायची सोय केली, म्हणजे वीज विकणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. 20 जून 1960 ला आपलं वीज मंडळ स्थापन झालं. 6 जून 2005 ला त्याच्या कंपन्या झाल्या आणि आपल्या वाट्याला महावितरण आली, तरी गावात अजून 'बोर्डाची लाईन'च म्हणतात. पण मंडळ सरकारचं, कंपनीही सरकारची आणि निरीक्षकही सरकारचाच. एकाच घरातल्या थोरल्याने धाकट्याचे कान धरायचे, असं हे प्रकरण आहे.

1997 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात एक कामगार रात्री सायकलवरून घरी निघाला होता. पावसाचं पाणी साचलेलं, त्यात जिवंत तार. जागीच गेला. वीज मंडळ म्हणालं, कुणीतरी आकडा टाकून वीजचोरी करत होतं, त्याचीच तार पडली, आमचा काय दोष? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2002 मध्ये न्यायालयाने हा बचाव फेटाळला. इतकी धोकादायक वस्तू जो पुरवतो, त्याची चूक सिद्ध झाली नाही तरी भरपाई त्यालाच द्यावी लागेल. तिसऱ्याकडे बोट दाखवून चालणार नाही.

या तत्त्वाचं मूळ 1868 च्या एका इंग्लिश निकालात आहे. एका गिरणीवाल्याने तलाव बांधला, पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं आणि भरपाई गिरणीवाल्यावर बसली. मालगुजारी तलावांच्या आपल्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. पाणी ज्याने अडवलं, फुटल्यावर निस्तरायचं त्यानेच.

आता कामाचं. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 161 लक्षात ठेवा. विजेच्या अपघातात माणूस किंवा जनावर गेलं, जखमी झालं किंवा तसं होण्याची शक्यता होती, तरी विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. म्हणजे बैलसुद्धा यात येतो. जीव गेला असेल तर कळल्यापासून 24 तासांत पहिली खबर आणि 48 तासांत लेखी अहवाल, आणि हे काम वीजपुरवठा करणाऱ्याचं आहे. तुमच्या गावात असं काही झालं तर पंचनाम्यावर थांबू नका, निरीक्षकाला कळवलं का ते लेखी विचारा आणि चौकशीच्या अहवालाची प्रत मागा. बिलाच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक मंचाकडे धावलात तर हात हलवत परत याल, कारण कलम 161 खालचे अपघात त्याच्या कक्षेतच येत नाहीत. भरपाईसाठी कोर्टात जावं लागतं आणि तिथे हा अहवाल फार उपयोगी पडतो.

तार पडलेली दिसली तर लांब राहा, जनावरांना लांब ठेवा आणि 1912 वर फोन करा. पुढच्या भागात मालगुजारी तलावांची गोष्ट, ती आता सांगावीच लागेल.