लायकर्गसचा चषक आणि नंतरचा शब्द

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. उजेड समोरून पडला तर ते हिरवे दिसते. मागून वा आतून आला तर लालभडक. त्यावर लायकर्गस राजाची कथा कोरलेली आहे. डायोनायससच्या अनुयायी अँब्रोसियावर तो चाल करून गेला. ती द्राक्षवेल झाली आणि तिने त्यालाच जखडले. या चषकाला हल्ली ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. आपण हे विशेषण तपासून पाहू.

काचेत सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचे सुमारे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत. दहा लाख भागांत सोने अवघे ४० भाग, चांदी ३०० भागांच्या आसपास. प्रकाशलहर आली की कणातील मुक्त इलेक्ट्रॉन तिच्या तालावर एकत्र झुलतात. धातू, आकार आणि भोवतालचे माध्यम यांनी ठरलेल्या वारंवारितेला ही झूल कमाल होते. हाच प्लाझ्मॉन अनुनाद. त्या वारंवारितेजवळचा प्रकाश कण शोषून घेतात व विखुरतात. परतून डोळ्यांत येतो तो हिरवट, आरपार जातो तो लाल.

हे कळायला पंधरा शतके लागली. सोन्याच्या द्रावाचा माणकासारखा रंग त्यातील अतिसूक्ष्म कणांमुळे आहे, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये मांडले. गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित दिले. ‘प्लाझ्मॉन’ हा शब्द तर १९५०च्या दशकातला.

म्हणजे कारागिराला कण ठाऊक नव्हते. इतकी अल्प मात्रा त्याने हेतुपूर्वक घातली की ती अपघाताने मिसळली, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु जाड काच कोरत कोरत आकृत्या जवळजवळ सुट्या करणारा हात अपघाताचा नव्हे. हिरव्याचे लाल होणे हे पिकणाऱ्या द्राक्षांशी जुळते, असेही अभ्यासकांनी सुचवले आहे.

जुनी संहिता वाचताना आपण नवी परिभाषा वापरतो, आणि ती वापरावीच. त्याशिवाय चषकाचा रंग उलगडत नाही. मात्र ती परिभाषा कर्त्याच्या मनात होती असे म्हणताच आपण त्याला आपले ज्ञान उसने देतो आणि त्याचे स्वतःचे ज्ञान, म्हणजे भट्टी, हत्यार आणि नजर यांचे, झाकून टाकतो. पूर्वजांचा गौरव करण्याची घाई असलेल्या आपल्या काळात हा भेद जपणे वाचकाचे काम आहे.